घर हवं असलेल्यांनी हात वर करा!

आमच्या गावात कोण कुठे राहतं, कोणाच्या घरात किती माणसं आहेत, कोण कोणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा! घडाघडा सांगेन! उभा जन्म वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी केली आहे मी. गावात एक घर असं नाही, जिथे माझा पाय लागलेला नाही!

"उंबरठ्यापर्यंतच," आमची ही म्हणते. "मीटर दाराशीच असतो. तुम्ही घरं नाही बघितलीत, मीटर बघितलेत."

तिचं बोलणं मी मनावर घेत नाही. घेतलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं, ही गोष्ट वेगळी.

तर झालं असं. आमच्या गावात घरांची टंचाई. जी आहेत ती एक तर गच्च भरलेली, नाहीतर कुलूप लावलेली. तरुण जोडपी लग्नानंतर काही दिवस कुठेतरी अंग चोरून राहतात आणि मग सामान बांधून शहराची वाट धरतात. शाळेत तर इतकी कमी पोरं उरली होती, की लपंडाव खेळायचा म्हटलं तर शेजारचा वर्ग उसना आणावा लागे! अशात शहरातल्या गृहनिर्माण ऑफिसाने कळवलं, की जुन्या वीटभट्टीशेजारच्या मोकळ्या जागेवर आम्ही साधी, कष्टकऱ्यांना भाडं परवडेल अशी घरं बांधून देतो. अट एकच. गावाने गरज सिद्ध करायची. घरोघरी जायचं, कोणाला घर हवंय ते विचारायचं, आणि ऑफिसाला कळवायचं.

ग्रामसमितीची बैठक भरली. आमचे अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. बोलताना प्रत्येक वाक्य करवतीसारखं ओढतात. त्यांनी विचारलं, "हे काम कोण अंगावर घेणार?" झालं! सगळी समिती एकदम छताकडे बघायला लागली, जणू काही तिथे उत्तर चिकटवलंय. मी उभा राहिलो.

"मी करतो! मला तर विचारायलाही जायला नको. घरी बसून लिहून देतो!"

"विचारायला हवंच," अध्यक्ष म्हणाले. "तशी अटच आहे."

"मग विचारतो. उपचार म्हणून."

त्या रात्री जेवताना मी घरात ही बातमी जाहीर केली. मुलगा आमचा प्लंबर आहे. दिवसभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करतो आणि घरी आला की स्वतः तुंबतो. एक शब्द बाहेर पडत नाही. पण त्या दिवशी त्याने मान वर केली.

"अप्पा, प्रश्न काय आहेत त्यात?"

"साधे आहेत रे. घरात माणसं किती, खोल्या किती, कुणा जोडप्याला वेगळं राहायला जागा हवी आहे का, वगैरे."

त्याने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. "मग आपल्या घराचं काय लिहिणार?"

मी हसलो. "आपल्या घराचं काय लिहायचंय? राजवाडा आहे! गरज नाही!"

आता राजवाडा म्हणजे पुढची खोली, आमची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागच्या खोलीत मुलगा, सूनबाई आणि नात राहायचे. शिवाय माझी सायकल, हिचं शिलाई मशीन, सुताराकडून आणलेल्या फळ्या, जुना रेडिओ आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले तीन दरवाजे. सूनबाई पलंगावर जायची ती सायकलच्या दांडीवरून. पण पडली नाही हो कधी! तेव्हा गरज कसली?

"अहो, मी येते तुमच्याबरोबर," ही म्हणाली. "बायका बायकांशी बोलतात."

"हे सरकारी काम आहे," मी म्हणालो, "भिशी नव्हे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी निघालो. पहिलं घर बेकरीवाल्याचं. तो पुढे, दारात, हाताला पीठ.

"तुमच्या घरात कुणाला घराची गरज आहे का?"

"आम्ही काय भिकारी दिसतो?" बेकरीवाला तांबडालाल झाला. "वडिलांनी बांधलेलं घर आहे! सगळे एकत्र आहोत! गरज बिरज काही नाही!"

माझं काम इथे संपत होतं. पण मी पडलो कामाला जीव लावणारा माणूस! प्रश्न नीट समजला नसेल म्हणून जरा सोपा करून, आतल्यांनाही ऐकू जाईल असा मोठ्याने विचारला, "म्हणजे या घरातून वेगळं व्हायचंय असं कुणीच नाही ना?"

आतून, पिठाच्या पोत्यांच्या खोलीतून, बेकरीवाल्याच्या धाकट्या भावाची बायको धावत बाहेर आली. केसांत पीठ, भुवयांवर पीठ. भट्टीत जायचा राहिलेला पावच जणू!

"आम्हाला व्हायचंय! लिहा आमचं नाव! लग्न झाल्यापासून पोत्यांवर झोपतोय आम्ही!"

"पोत्यांवर?" थोरली जाऊ स्वयंपाकघरातून गरजली. "गादी दिली होती की! नवऱ्याला विचार, कुणाला दिली त्याने ती!"

"ती गादी? उंदरांनी अर्धी खाल्लेली?"

"उंदीर तुझ्यामुळे झाले!"

मग आवाज इतके चढले की कोण काय म्हणतंय ते कळेना. एक पातेलं माझ्या कानाजवळून गेलं. धाकटा भाऊ मध्ये पडला, त्याला दोन्हीकडून बसली. मी हळूच दारातून मागे सरकलो आणि घाईघाईने लिहिलं, 'गरज नाही.' कुटुंबप्रमुखाचं उत्तर तेच होतं ना!

संध्याकाळपर्यंत गावात बातमी. मी घरोघर जाऊन भावाभावांत फूट पाडतोय! रात्रीपर्यंत बातमीला पाय फुटले. सरकार म्हणे ज्यांच्याकडे जास्तीच्या खोल्या आहेत त्यांच्या खोल्यांत परकी माणसं आणून बसवणार, आणि खोल्या मोजायला मला पाठवलंय!

माजी हेडमास्तरांच्या घरी मी गेलो तेव्हा ते दारातच ओठांवर बोट ठेवून उभे. मोठं दुमजली घर, बायको गेलेली, मुलं परदेशात. एकटा जीव.

"हळू बोला," ते कुजबुजले. "सगळे झोपलेत."

"कोण सगळे?"

त्यांनी एकेक दार किलकिलं करून दाखवलं. प्रत्येक खोलीत पलंग, पलंगावर पांघरूण, पांघरुणाखाली कुणीतरी गाढ झोपलेलं. पाहुण्यांनी घर ओसंडून वाहत होतं! एका पांघरुणाखालून उशीचा कोपरा बाहेर आला होता खरा, पण झोपलेल्या माणसाकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही. मी चवड्यांवर चालत बाहेर आलो आणि लिहिलं, 'खोल्या सर्व भरलेल्या.' भर दुपारी इतकी माणसं का झोपली असतील, हा विचार मला चौकात पोचल्यावर आला.

पण खरा घोळ झाला तो नर्सबाईंच्या बाबतीत.

नर्सबाई म्हणजे आमच्या गावाला मिळालेल्या एकुलत्या एक. आधीच्या दोघी राहायला जागा नाही म्हणून निघून गेल्या होत्या. या टिकल्या, कारण शिवणकाम करणाऱ्या म्हातारीच्या माडीवरची खोली त्यांना भाड्याने मिळाली. माझ्या हिचा गुडघा, अध्यक्षांचं ब्लडप्रेशर, आमच्या नातीचा जन्म, सगळं याच बाईंच्या हातून झालेलं. दवाखान्यात गाठून विचारलं तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"खरं सांगू का? खोलीची भिंत वर्षभर ओली असते. पावसात तर मी पलंग खोलीच्या मधोमध ओढते आणि उशाशी बादली ठेवते. मला छोटंसं घर मिळालं तर मी इथे कायमची राहीन. पण हे कुणाला बोलू नका हं. म्हातारीला वाईट वाटेल."

"छे छे! माझ्या पोटातून शब्द बाहेर जाणार नाही!"

आणि गेलाही नसता! पण मला सांगा, एकाच बाजूचं ऐकून लिहून टाकायचं, ही काय पद्धत झाली? खातरजमा नको? मी तडक म्हातारीकडे गेलो.

"आजी, तुमच्या माडीवरची भिंत ओली आहे का?"

मशीनची सुई थांबली. "कोण म्हणालं?"

"ते गुप्त आहे."

"माडीवर राहतं कोण, तर ती एकटी! आणि म्हणे गुप्त!" म्हातारी उभी राहिली. हातात कात्री. "माझ्या खोलीला नावं ठेवते? पोटच्या पोरीसारखी ठेवली मी तिला! भिंत ओली म्हणे! जा म्हणावं जिथे कोरडी असेल तिथे!"

"आजी, तसं नाही..."

"तुम्ही पण जा!"

मी गेलो. त्या कात्रीपुढे थांबणारा मर्द अजून जन्माला यायचाय.

दिवस मावळायच्या आत नर्सबाई आमच्या दारात! एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात तीच बादली. त्या रडत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं.

"तुम्ही माझी गरज विचारायला आला होतात," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती थोडीशी होती. आता पुरती झाली. लिहून घ्या."

हिने माझ्याकडे असं बघितलं की मी तसाच भिंतीला टेकलो. तिने नर्सबाईंना आमची खोली दिली. ती स्वतः पुढच्या खोलीत सोफ्यावर. मी स्वयंपाकघरातल्या बाकावर. बाक असा अरुंद, की कूस बदलायची तर आधी उठून उभं राहावं लागे!

नर्सबाईंसाठी मी सगळं गाव पालथं घातलं. हेडमास्तर म्हणाले, "बघितलंत ना, सगळे झोपलेत." अध्यक्ष म्हणाले, "माझ्या वखारीवरची खोली आहे, पण तिथे माझा जावई येतो कधीकधी." जावई गेल्या पाच वर्षांत कुणी पाहिलेला नाही. टेकडीपलीकडच्या गावाने मात्र बाईंना लगेच निरोप धाडला, खोली आहे, दवाखाना आहे, या. आठवड्याच्या आत त्या गेल्याही. जाताना नातीच्या लसीची तारीख सूनबाईला समजावून सांगितली, हिच्या गुडघ्याला लावायचं मलम ठेवलं. मला म्हणाल्या, "येते, काका." काका! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

इकडे बेकरीवाल्याने आणि म्हातारीने माझ्याविरुद्ध ऑफिसात तक्रार केली होती. तिथून एक ऑफिसरबाई आल्या. तरुण, चष्म्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव जमवलं. सभेआधी त्या मला आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "मी शेजारच्या वर्गात बसते. ज्याला बोलायचं असेल त्याने एकट्याने यावं. घरातल्यांसमोर, घरमालकासमोर लोक खरं बोलत नाहीत."

हे ऐकून माझा स्वाभिमान फणा काढून उभा राहिला! एवढी बदनामी झाल्यावर माझ्या गावाला खोटारडं म्हणायचं?

"अहो बाई, हे काय शहर आहे? आमचं गाव म्हणजे एक कुटुंब! इथे लपवाछपवी नाही. सगळ्यांसमोर विचारा! मीच विचारतो!"

"नको," त्या म्हणाल्या. "ऐका माझं..."

पण माईक माझ्या हातात होता. आणि माईक हातात आल्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

"गावकरी मंडळी! घर हवं असलेल्यांनी हात वर करा!"

एकही हात वर नाही. बेकरीवाल्याचा धाकटा भाऊ थोरल्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून. त्याची बायको जमिनीकडे बघत होती. वखारीतले कामगार अध्यक्षांच्या मागच्या रांगेत. सगळे एका शेडमध्ये राहतात हे आख्ख्या गावाला माहीत, पण शेड अध्यक्षांची! म्हातारी शिंपीण हॉलभर नजर फिरवत होती, कोण हात वर करतंय ते बघायला. मी समाधानाने मान डोलावली. माझी पाहणी शंभर टक्के बरोबर ठरत होती!

आणि मागच्या रांगेतून एक हात वर गेला.

पाइप पिरगाळून पिरगाळून सोललेला, नखांत काळं भरलेला हात. तो मी लगेच ओळखला. माझ्याच मुलाचा होता.

सगळ्या माना मागे वळल्या, मग एकदम पुढे, माझ्याकडे. कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान भट्टीतल्या विटेसारखे तापले. गावची गरज शोधायला निघालेला माणूस, आणि त्याच्याच घरात...!

"अरे, खाली घे तो हात!" मी माईकवरून म्हणालो. "पंखा लागेल!"

हॉल खो खो हसला. मला हुरूप आला. मी पुढे म्हणालो, "लक्ष देऊ नका बाई, आमचाच दिवटा आहे! राजवाड्यात राहतो, तरी प्लंबर पडला ना, नळ दुरुस्त करायला दुसरं घर पाहिजे त्याला!"

पुन्हा हशा. ऑफिसरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, "तुम्ही खरंच सांगताय का? तुम्हाला घर हवं आहे?"

मुलाचा हात अजून वरच होता. तो उभा राहिला. "अप्पा," तो म्हणाला. बस, एवढंच. मला वाटतं त्याला अजून काही बोलायचं होतं. मी माईक खाली ठेवला असता तर बोललाही असता. पण लोक हसत होते, आणि मी त्यांच्याबरोबर हसत होतो. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हात खाली घेतला.

"नाही," तो बाईंना म्हणाला. "विनोद होता."

सूनबाई पोरीला कडेवर घेऊन उठली आणि सगळ्यांच्या मधून सरळ बाहेर गेली. तिच्या मागोमाग तो.

घरी आलो तेव्हा हिने ताट वाढलं. ती काहीतरी बोलेल म्हणून मी घास हातात धरून बसलो होतो. भाजी वाढता वाढता म्हणाली, "आवाज छान लागला होता तुमचा. माईकवर."

त्या हशानंतर शेजारच्या वर्गात बाईंकडे कुणी फिरकलंच नाही. निकाल अध्यक्षांनी सांगितला. गरज आढळली नाही. घरं टेकडीपलीकडच्या गावाला गेली. तिथे म्हणे लोकांना एकेकटं बसवून विचारलं होतं. त्यांतल्या एका घरात नर्सबाई राहतात. दुसऱ्यात बेकरीवाल्याचा धाकटा आणि त्याची बायको. तिथे त्यांनी स्वतःची भट्टी टाकली आहे. पाव चांगला असतो, पण टेकडी चढून जावं लागतं. वीटभट्टीजवळची जागा अध्यक्षांनी शहरातल्या कुणाला तरी मिळवून दिली. तिथे छान बंगला झालाय. मालक उन्हाळ्यात दोन दिवस येतात. शाळेचं काय झालं ते विचारू नका. हॉलमध्ये आता वखारीच्या फळ्या असतात.

मुलाने शहरात काम धरलं. सामान बाहेर काढताना त्याला माझी सायकल आधी बाहेर काढावी लागली. "कुठे ठेवू, अप्पा?" म्हणाला. मी म्हणालो, "ठेव कुठेही, आता जागाच जागा आहे!" माझ्या या विनोदावर कुणीच हसलं नाही.

अजूनही मी चौकात लोकांना समजावून सांगतो, की माझ्या पाहणीत एकही चूक नव्हती. जो आकडा मी लिहिला तोच हॉलमध्ये निघाला! लोक हो हो म्हणतात आणि निघून जातात. निघून जायला तसे लोकही फारसे उरले नाहीत.

परवा आम्ही दोघं मुलाकडे गेलो. मी तर कित्येक वर्षांनी. त्याचं बोलावणं येत नव्हतं अशातला भाग नाही. यायचं, पण हिलाच यायचं. या खेपेला मीही सोबत निघालो. चौथ्या मजल्यावर एकच खोली, कोपऱ्यात ओटा, पण भिंती कोरड्या आणि सगळं जागच्या जागी. बेल वाजवली. दार उघडलं ते नातीने. एवढी उंच झालीय! फ्रॉकवर शाई सांडलेली, एक दात पडलेला. हिला बघून तिने "आजी!" म्हणून मिठी मारली.

मग मान वर करून तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मी दोन्ही हात पसरले.

"आई," तिने आत वळून हाक मारली, "आजीबरोबर कुणीतरी पाहुणे आलेत!"

आतून सूनबाईचा आवाज आला, "बसायला सांग त्यांना!"

पोरगी गुणाची आहे. तिने मला खुर्ची दिली.